खाणीच्या तळ्यावर

चहाचा कप बशीत ठेवता ठेवता नानांनी विचारलं, "अपूर्वा, तुला गळाला गांडूळ लावता येतं का?" आणि अपूर्वा ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होती, ती मान वर न करता म्हणाली, "येतं." बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण खोटं बोललो. तेही किती सहज. साखर संपली का असं कुणी विचारावं आणि आपण डबा न उघडताच 'आहे' म्हणावं, तसं. नानांनी मान हलवली, कप विसळून पालथा घातला आणि ते आपल्या खोलीत गेले. मुलुंडच्या त्या घरात वाढदिवसाचा केकसुद्धा बिनअंड्याचा येई. तिथे गांडूळ हा शब्दच बहुधा पहिल्यांदा उच्चारला गेला असेल, आणि तोही तिच्या सासऱ्यांकडून. निहार अजून झोपला होता. त्याला उठवून सांगावं असं तिच्या मनात आलं. तुझे वडील असं असं विचारत होते. पण मग मी हो का म्हटलं, हेही सांगावं लागलं असतं, आणि ते तिचं तिलाच कळत नव्हतं. तिने कोथिंबिरीची मुळं कापली, पानं निथळत ठेवली आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिली.

नानांना असं का वाटावं, हे मात्र तिला कळत होतं. तिचं माहेर मालवणकडचं. वडील दत्ताराम गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर परळची खोली सोडून त्यांनी नाहूरला बिऱ्हाड केलं आणि एका कारखान्याच्या गोदामात नोकरी धरली. अपूर्वा लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून समुद्र, होड्या, जाळी यांतलं काहीही निघालं की सगळे तिच्याकडे पाहत. टीव्हीवर बंदराची बातमी लागली तरी सासूबाई म्हणत, अपूर्वाला विचारा, तिला माहीत असेल. आणि ती काहीतरी सांगायची. खरं तर तिने साधा बांगडासुद्धा कधी साफ केला नव्हता. आई ते काम तिला करू द्यायची नाही, तू अभ्यास कर म्हणायची. तिला फक्त खाता यायचं. काटा जिभेने बाजूला सारत, बोलता बोलता, न बघता. बाबा लहानपणी खाडीच्या काठावर गरवायला जात, गळ टाकून बसत, हे तिने शंभरदा ऐकलं होतं. सांगताना ते उजव्या हाताचं पहिलं बोट किंचित वाकवत आणि थोडे थांबत. त्या बोटावर काहीतरी आलं आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटे. पण तिला त्यांनी कधी खाडीवर नेलं नव्हतं. सुट्टीत गावी गेलं की मुली घरात, मुलगे पाण्यावर. तर या सगळ्या ऐकीव भांडवलावर ती 'येतं' म्हणाली होती.

दुपारी नानांनी सगळं सांगितलं. ते रोज पहाटे डोंगराकडे फिरायला जात. त्या बाजूला एक जुनी दगडखाण आहे, तिच्यात वर्षानुवर्षांचं पाणी साठून तळं झालं आहे. जागेच्या मालकाने तिथे कधीतरी मासे सोडले आणि चार हौशी माणसांना रविवारी गळ टाकायची परवानगी दिली. नाना कुंपणापाशी उभे राहून बघत असत. एकदा तिथल्या एका बाईंना फोन आला. त्यांनी नानांना हाक मारली, त्यांच्या हातात रॉड दिला आणि जरा धरा म्हणून त्या बाजूला गेल्या. नाना तो धरून उभे राहिले. आणि पलीकडून काहीतरी ओढलं गेलं. एकदाच. मासा लागला नाही, बाई परत आल्या, नानांनी रॉड परत दिला. एवढंच. हे सांगताना नाना खिडकीबाहेर बघत होते. सासूबाई गेल्यापासून ते फार नीटनेटके झाले होते. स्वतःचे कपडे स्वतः इस्त्री करत, वर्तमानपत्राच्या घड्या घालून ठेवत, कुणाला कसला त्रास म्हणून नाही. इतका त्रास न देणारा माणूस घरात असला की घर अवघडून जातं. आता ते काहीतरी मागत होते. मासा परत सोडतात तिथे, ते घाईने म्हणाले. मारत नाहीत, म्हणून मी विचार केला. पण गांडूळ माझ्याच्याने हातात धरवणार नाही.

पुढच्या रविवारी दोघं गेली. निहारला सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग वडिलांचा चेहरा पाहून थांबला, आणि जाताना टोपी घेऊन जा म्हणाला. खाणीचा उतार रिक्षाच्या रस्त्यापासून जवळच होता, पण खाली उतरलं की शहराचा आवाज डोक्यावरून जाऊ लागे, आपल्यापर्यंत पोचत नसे. तिन्ही बाजूंनी काळ्या दगडाच्या उभ्या कातळभिंती, त्यांच्यात सुरुंगाच्या जुन्या भोकांच्या रेघा, आणि मधे हिरवट, जाड, हलायला तयार नसलेलं पाणी. ज्या बाईंनी नानांच्या हातात रॉड दिला होता, त्या डॉक्टर संघमित्रा. भांडुपला त्यांचा दातांचा दवाखाना होता. त्यांनी गांडुळांचा डबा उघडून अपूर्वापुढे धरला. ओल्या मातीत काहीतरी सावकाश वळत होतं. अपूर्वाने एक उचललं. ते थंड होतं, आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा ताकदवान. तिने ते गळाजवळ नेलं आणि हात तिथेच थांबला. कुठून सुरुवात करायची हेच तिला ठाऊक नव्हतं. ते बोटांतून निसटून गवतात पडलं.

"मला येत नाही, नाना," ती म्हणाली. "मी उगीच हो म्हटलं."

नाना तिच्याकडे बघत राहिले. रागावले नव्हते, चकित झाले होते. "मला वाटलं, तुमच्याकडे सगळ्यांना..." असं म्हणून ते अर्ध्यावर थांबले. तुमच्याकडे. हा शब्द सासरी तिने इतक्या वेळा ऐकला होता, आणि तो कधीच वाईट अर्थाने उच्चारला गेला नव्हता. तुमच्याकडे गणपतीत काय करतात, तुमच्याकडे नारळ फार लागतो ना. पण दर वेळी त्या शब्दाबरोबर कुणीतरी तिला हलकेच उचलून खाडीच्या पलीकडच्या काठावर ठेवून येई, आणि तिला आपल्या पायांनी चालत परत यावं लागे. या वेळी शब्द उच्चारता उच्चारता नानांनाच तो ऐकू आला असावा. ते खाली वाकले, गुडघ्यावर हात टेकून, आणि गवतात ते गांडूळ शोधू लागले. सापडल्यावर त्यांनी डोळे बारीक करून, चिमटीत, ते उचललं आणि डब्यात ठेवलं. मग रुमालाने हात पुसला. संघमित्राबाई म्हणाल्या, काही हरकत नाही, दोघंही कोरी पाटी आहात, मला सोपं जाईल.

मग पुढचे कितीतरी रविवार शिकण्यात गेले. गळाला दोरा बांधायची गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची, नाहीतर घासून दोरा कच्चा होतो. रॉड मागे नेताना मागे कोण उभं आहे ते बघायचं. फेकताना जोर मनगटात हवा, खांद्यात नाही. नाना खांद्यानेच फेकत आणि त्यांचा गळ त्यांच्यापासून हातभर अंतरावर टपकन पडे; अपूर्वाचा एकदा मागच्या बोरीत अडकला, एकदा तिच्याच ओढणीत. दोऱ्याचा गुंता झाला की नाना दगडावर बसून चष्मा कपाळावर चढवत आणि तो सोडवत. गुंता सोडवताना ते खूश दिसत. ट्रॉम्बेला त्यांनी जन्मभर मोजमापाच्या यंत्रांवर काम केलं होतं; बारीक तारा, बारीक स्क्रू, थरथरणारे काटे. गांडुळाचं काम अपूर्वाने घेतलं आणि तिला ते जमू लागलं, म्हणजे किळस गेली नाही, पण किळस बाजूला ठेवून हात चालू लागले. नानांनी कणकेच्या गोळ्यांचं घेतलं. संघमित्राबाईंनी सांगितलं होतं की रोहू कणकेलाही येतो. शनिवारी संध्याकाळी ते ओट्यापाशी उभे राहून कणीक मळत, तिच्यात ब्रेडचा चुरा, बडीशेपेची पूड, चिमूटभर हिंग घालत, आणि वास घेऊन बघत. या ओट्याशी त्यांना अपूर्वाने आजवर चहाच्या पलीकडे काही करताना पाहिलं नव्हतं. याच्याच पोळ्या लाटू का, तिने थट्टेने निहारला विचारलं, आणि नानाच आधी हसले.

पण खरं काम म्हणजे बसणं. गळाच्या दोऱ्याला लावलेल्या तरंगत्या बोंडल्याचं लाल टोक पाण्यावर उभं असतं आणि त्याच्याकडे बघत बसायचं असतं. पहिल्या रविवारी अपूर्वाला ते सहन होईना. सारखा हात पिशवीकडे जाई, फोन, बाटली, काहीतरी. मग हळूहळू हात मांडीवर राहू लागले. लाल टोकाकडे बघता बघता नजर निवायची आणि मन आपल्या आपण कुठेही जायचं, जसं ते लहानपणी परळच्या गॅलरीत पोटावर पडून खालचा रस्ता बघताना जायचं. तिला आपले हात आठवत. लग्नानंतरचे. नाहूरला जाऊन आईच्या हातचं जेवली की निघताना ती लिंबाची फोड बोटांवर चोळायची, नखांत घालायची, कधी कधी केससुद्धा धुऊन यायची. कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई एका शब्दानेही बोलल्या नव्हत्या. जाऊन ये, पोटभर जेव, असंच म्हणत. तरी ती मुलुंडच्या जिन्यात उभी राहून हात नाकाशी नेत असे, आणि मग बेल दाबत असे. नाना तिच्या माहेरी येत, दिवाळीला, गणपतीला, शर्टाचं वरचं बटण लावून, पेढे घेऊन. चहा घेत. जेवायचं निघालं की आत्ताच झालं म्हणत, किंवा पोट जरा बरं नाही. आई आग्रह करीत नसे. नाना गेल्यावर ती एवढंच म्हणायची, चांगला माणूस आहे. त्या वाक्यानंतर ती जी भांडी घासायला घेई, ती आधीच स्वच्छ असत.

एकदा असंच बसलेलं असताना नाना म्हणाले, "मी नोकरीभर काटे वाचले. काटा हलला की मागे काय झालं ते मला कळायचं, कळायलाच हवं असायचं. इथे तो लाल ठिपका हलतो, आणि खाली काय आहे ते मला माहीत नसतं." मग त्यांनी पुढे जोडलं, "सुनंदा असती तर म्हणाली असती, बसलाय काय उन्हात वेड्यासारखे." अपूर्वा म्हणाली, "आणि मग छत्री घेऊन आल्या असत्या." नाना म्हणाले, "आली असती." त्यांनी सासूबाईंचं नाव घेतलेलं तिने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. पाण्यावर एक खंड्या कातळावरून सुटून तिरका गेला आणि दोघांनी मान वळवून त्याला जाऊ दिलं.

पहिला रोहू नानांनाच लागला. लाल टोक एकदा बुडालं, वर आलं, आणि मग शांतपणे तिरकं होत खाली गेलं, आणि संघमित्राबाई पलीकडून म्हणाल्या, आता. नानांनी मनगट वर घेतलं. रॉड वाकला, रीळ करकरलं आणि नानांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो माणूस असा आवाज काढू शकतो हे अपूर्वाला माहीत नव्हतं. मासा जाळीत आला तेव्हा त्यांनी बाईंच्या सांगण्याप्रमाणे हात आधी पाण्यात बुडवले, मग त्याला धरलं. तांबूस खवले, गोल गुलाबी तोंड. गळ अलगद निघाला. नानांनी मासा पाण्यात धरून ठेवला, त्याचे कल्ले उघडझाप करीपर्यंत, आणि हात सैल केले. तो क्षणभर तिथेच राहिला, जाऊ की नको असा, आणि मग नव्हताच. घरी जेवताना नानांनी निहारला ते सबंध सांगितलं, दोनदा. दोन्ही वेळा शेवटी म्हणाले, सोडून दिला. अपूर्वाला त्या दिवशी पाठीवर ऊन घेऊन परत येताना वाटलं होतं की आपल्याला काही नको आहे. ही भावना इतकी अनोळखी होती की तिने ती घाबरत घाबरतच बाळगली.

नानांना चिलापी मासा लागला तो त्यानंतर. लहान वीतभर मासे लागून जात तसा हा नव्हता. रुंद, करडा, पाठीवर काट्यांचा उभा पंखा असलेला. नानांनी सवयीने हात ओले केले, गळ काढला आणि ते पाण्याकडे वाकले. "नाना, तो परत नाही सोडायचा," संघमित्राबाई म्हणाल्या. चिलापी तळ्यात कुणी सोडली नव्हती, कुठून तरी आली आणि वाढली; ती बाकीच्या माशांची अंडी खाते; म्हणून मालकाची एकच अट, रोहू परत, चिलापी कधीही परत नाही. आजवर तुम्हांला लागली नाही म्हणून बोलायची वेळ आली नाही. मला द्या हवी तर, माझ्याकडे खातात. नाना मासा धरून उभे होते. तो त्यांच्या हातांत वळत होता. अपूर्वाला त्यांचा चेहरा बघवेना. इतक्या रविवारांचा सगळा आनंद त्यांनी एका गोष्टीवर उभा केला होता, की आपण मारत नाही. आणि आता तीच पायाखालून काढून घेतली होती. मासा देऊन टाकणं सोपं होतं. कुणीही दिला असता. घरी येऊन आंघोळ केली असती आणि पुढल्या रविवारी फिरायला दुसऱ्या रस्त्याने गेले असते.

"नको," नाना म्हणाले. "मी ओढलाय तो. लवकर कसं मारतात?"

संघमित्राबाईंनी एक आखूड लाकडी दांडका दिला आणि डोक्यावर, डोळ्यांच्या मागे, एकच, असं सांगितलं. ओल्या फडक्यावर मासा ठेवला. नानांनी दांडका उचलला. तो वर राहिला.  माशाचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. अपूर्वाने त्यांच्या हातातून दांडका घेतला. काही विचार केला नाही. विचार केला असता तर तोही हात वरच राहिला असता. तिने मारलं. फडक्याखालून दगडाचा आवाज आला. मासा एकदा सबंध ताठ झाला आणि सैल पडला. तिच्या मनगटात कितीतरी वेळ तो ठोका राहिला. आजवर तिने जे काही खाल्लं त्याच्यामागे कुणीतरी असं हात वर करून खाली आणलेलं होतं, आई, कोळीण, खलाशी, कुणीतरी, आज ती. तिला रडू आलं नाही. पोटात एक गंभीर, स्थिर असं काही बसलं, आणि ते वाईट नव्हतं. नानांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी असा हात या आधी कधी ठेवला नव्हता. "नाहूरला जाऊ या," ते म्हणाले. "फुकट जायला नको तो."

रिक्षात बादली दोघांच्या पायांमध्ये होती. आईने दार उघडलं, आधी नाना, मग बादली, मग अपूर्वाच्या ओढणीवरचे डाग पाहिले आणि बाजूला झाली. बाबा बनियनवर होते. नानासाहेब म्हणत घाईघाईने शर्ट शोधू लागले. नाना म्हणाले, राहू द्या हो दत्ताराम, मीच बघा कसा आलोय. त्यांच्या पँटचे गुडघे चिखलाचे होते. काय झालं ते अपूर्वाने सांगितलं. बाबांनी बादलीत डोकावून पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलंच, "तळ्यातलो? तेका मातयेचो वास येता." आईने डोळे वटारले. पण नाना दुखावले नाहीत, उलट खुर्चीत पुढे सरकून बसले. खाणीचं पाणी आहे, दगडाचा तळ, गाळ नावाला नाही, माझ्या डोळ्यांसमोर आहे ते पाणी किती दिवस, असं ते बाबांना पटवून सांगू लागले. जन्मात मासा न खाल्लेला माणूस एका माशाची बाजू घेऊन बोलत होता. बाबा आदराने ऐकत होते, आणि त्यांना अजिबात पटत नव्हतं.

आईने मोरीपाशी विळी घेतली. अपूर्वा तिच्या शेजारी बसली. मी करते, दाखव, ती म्हणाली. आईने तिच्याकडे बघितलं आणि विळी तिच्याकडे सरकवली. खवले उलट्या बाजूने काढायचे, शेपटीकडून डोक्याकडे. पंख्याचा काटा आधी छाटायचा. नाना येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. पोट फाडताना त्यांनी मान वळवली, पण गेले नाहीत. आईच्या तोंडावर मात्र वेगळीच काळजी होती. तिने अपूर्वाच्या कानाशी विचारलं, ह्यांका जेवूक काय वाढू? घरात बांगड्याचं सार आणि भात, दुसरं काही नाही. नानांनी ते ऐकलं. ते म्हणाले, माझं आत्ताच... आणि तिथेच थांबले. मग म्हणाले, कुळीथ आहे का घरात?

आईने कुळथाची पिठी केली. वेगळी कढई घासायला घेतली तर नाना म्हणाले, नका घासू, स्वच्छच आहे. सगळे खाली बसले, भिंतीला टेकून, पंखा मोठा करून. चिलापीचे तुकडे रव्यात घोळवून तळलेले. बाबांनी पहिला तुकडा उचलला तेव्हा नाना त्यांच्याकडे टक लावून बघत होते, एखादा निकाल ऐकायचा असल्यासारखे. बाबांनी चावला, थांबले, पुन्हा चावला. "बरो आसा," ते म्हणाले, आणि खोटं बोलणं जमत नसल्यामुळे पुढे म्हणाले, "बांगड्याची सर नाय." नानांनी मान डोलावली. तेवढं त्यांना पुरे होतं. ते भातावर पिठी ओतून घेऊन सावकाश कालवू लागले. अपूर्वाने आपला तुकडा घेतला. पाठीकडचा, मऊ. मातीचा वास किंचित होता. तिने काटा जिभेने बाजूला सारला.  खालच्या गल्लीत कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, पुन्हा पुन्हा किक ऐकू येत होती, आणि तिला वाटलं, होऊ नये लवकर सुरू.

नानांचं ताट रिकामं झालं. आई तांब्या घेऊन उठली. त्यांना हात धुवायला पाणी द्यावं म्हणून. नाना उठले नाहीत. त्यांनी ताट दोन बोटांनी किंचित पुढे सरकवलं.

"सुगंधाताई," ते आईला म्हणाले, "भात आहे का अजून?"

आई हातात पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी राहिली.

"वाढ गे," बाबा म्हणाले. "बघतस काय?"